‘मी दावा नाही केला, मी सांगितलं’: एका अहवालातल्या अकरा जागा

मी भाषांतराची कामं करते, जास्त करून इंग्रजीतून मराठी, म्हणजे मशीनची मॅन्युअल, सेफ्टीचे बोर्ड, चौकशी अहवाल असला रुक्ष माल. त्यातल्याच एका अहवालाची, आणि त्यात अकरा जागी आलेल्या ‘असर्ट’ (assert) या एका इंग्रजी शब्दाची ही गोष्ट, आणि चूक माझीच आहे हे आधीच सांगून टाकते. कंपनीचं नाव, माणसांची नावं सांगत नाही, त्यांची इथे गरजही नाही.

घडलं होतं असं की एका प्लांटमध्ये रात्रपाळी संपून तासाभरात साठवण टाकी भरून वाहिली. कोणाला इजा झाली नाही, पण माल वाया गेला आणि खालच्या पंपाची मोटर भिजून बसली. चौकशीला बाहेरचा इंजिनियर बोलावला. हा माणूस मराठी बोलणारा, पण लिहायचं म्हटलं की हात इंग्रजीतच चालणार, तर त्याने सगळ्यांशी गप्पा मराठीत मारल्या, नोट्स इंग्रजीत घेतल्या आणि २४ पानांचा अहवालही इंग्रजीत लिहिला. कंपनीची पद्धत अशी की ज्याचा जबाब अहवालात आहे त्याने वाचून सही करायची. रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांना इंग्रजी जमत नव्हतं, म्हणून मराठी प्रत हवी, म्हणून मी.

मराठी प्रत दिली, बिल लावलं, विषय संपला असं वाटलं. दोन दिवसांनी फोन.

“मॅडम, हे मराठी तुम्हीच केलंय ना?”

“हो काका, काही राहिलंय का?”

“राहिलं नाही, जास्त झालंय. पान २ वर लिहिलंय, ऑपरेटरने दावा केला की पाळी संपण्यापूर्वी त्याने इनलेट व्हॉल्व्ह बंद केला होता. मी दावा कुठे केला? मी सांगितलं.”

मी पटकन म्हणाले, “अहो काका, अर्थ तोच आहे.”

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “अर्थ तोच असेल तर मग सांगितलं असं लिहा की.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बघते म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग खरंच बघायला बसले.

इंग्रजी मजकुरात त्या जागी शब्द होता ‘असर्टेड’. फाइलमध्ये शोधलं तर असर्ट १० वेळा क्रियापद म्हणून आणि एकदा असर्टिव्ह असं विशेषण म्हणून, एकूण ११ जागा. शिवाय ‘क्लेम’ ४ वेळा. आणि माझ्या मराठीत दावा किती वेळा? १४. म्हणजे असर्टचे दहाच्या दहा आणि क्लेमचे चारही, सगळ्यांना एकच टोपी घातलेली. याचं कारण अगदी लाजिरवाणं आहे. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण शब्दांची एक यादी ठेवतो, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, की मग तो शब्द आला की सॉफ्टवेअर आपणहून सुचवतं. त्या यादीत मी कधीतरी, बहुतेक कुठल्याशा करारनाम्याचं काम करताना, असर्ट = दावा करणे असं टाकून ठेवलं होतं. करारात ते चालूनही गेलं असेल. नंतर सॉफ्टवेअर सुचवत गेलं आणि मी एंटर मारत गेले.

आता शब्दाकडे येते, कारण सगळा घोळ तिथे आहे.

असर्ट म्हणजे एखादी गोष्ट खात्रीने, जोर देऊन सांगणं. डिक्शनऱ्या साधारण हेच देतात. पण त्या अर्थात एक गोष्ट नाहीये, ती म्हणजे पुरावा. सांगणारा ठाम आहे एवढंच तो शब्द म्हणतो, गोष्ट खरी आहे की नाही यावर गप्प बसतो. हे तपासायला एक सोपी ट्रिक आहे. १९७० साली पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी एका लेखात काही क्रियापदं वेगळी काढून दाखवली, जी पुढच्या वाक्याचा खरेपणा धरूनच चालतात, अगदी नकार घातला तरी. मराठीत करून बघा. ‘दार उघडं आहे हे त्याच्या लक्षात आलं’ आणि ‘दार उघडं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही’, दोन्हीकडे दार उघडंच राहतं. आता ‘दार उघडं आहे असं त्याने ठामपणे सांगितलं’ आणि ‘सांगितलं नाही’ घ्या, दोन्ही वाक्यांतून दाराचं काय ते कळत नाही. असर्ट दुसऱ्या गटातला, दावाही दुसऱ्याच गटातला. म्हणून तर डिक्शनरीत ते शेजारी शेजारी बसतात आणि माझ्यासारखा माणूस एकाच्या जागी दुसरा ठेवून मोकळा होतो.

मग काकांना खटकलं काय? दोघंही खरेपणावर गप्पच आहेत ना?

गप्प बसण्याचेही प्रकार असतात. काही न बोलता कोणी शांत बसतं आणि कोणी भुवई उंचावून बसतं, दावा हा भुवई उंचावून बसणारा शब्द आहे. अरबीतून फारसीमार्गे आला तोच मुळी कोर्टाचं बोट धरून, आणि कोर्टात दावा लागला की समोर दुसरी बाजू असतेच, ती नाही म्हणणार हे धरलेलंच असतं. जुन्या मराठीत तर दावा म्हणजे सरळ वैर आणि दावेदार म्हणजे वैरी असाही अर्थ होता. आज तो अर्थ मागे पडला तरी वास राहिलाय. बातमीत ‘आपण तिथे नव्हतोच असा दावा त्याने केला’ वाचलं की आपण मनात म्हणतोच, हं, म्हणजे होता वाटतं.

इंग्रजीत असर्टची जन्मकथा उलटी आहे आणि ती वाचून मला जास्तच अपराधी वाटलं. लॅटिन ‘अॅसेरेरे’, म्हणजे जवळ ओढणे, जोडून घेणे. रोमन कायद्यात कोणी माणूस गुलाम आहे की स्वतंत्र असा वाद उभा राहिला की त्याच्या वतीने एक जण पुढे यायचा, त्याच्यावर हात ठेवायचा आणि हा स्वतंत्र माणूस आहे असं जाहीर करायचा. त्या पुढे येणाऱ्याला ‘अॅसर्टर’ म्हणायचे. (उलट, हा माझा गुलाम आहे म्हणायलाही तेच क्रियापद चालायचं, तेवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) आणि क्लेम आलाय ‘क्लामारे’वरून, म्हणजे ओरडणे. खांद्यावर हात ठेवणारा एक शब्द आणि ओरडणारा एक शब्द, मी दोघांना एकाच खुंटीला बांधलं.

असो. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे मलाही कळतं, म्हणून लिहिणाऱ्यालाच फोन केला.

इंजिनियर साहेब म्हणाले, “अहो मी असर्टेड मुद्दाम लिहिलं. ते काका इतके खात्रीने बोलत होते, तीन वेळा वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं तरी तेच उत्तर. नुसतं सेड लिहिलं असतं तर ती खात्री दिसली नसती. क्लेम्ड लिहिलं असतं तर संशय दिसला असता. मी त्यांना क्रेडिट देत होतो.”

म्हणजे बघा प्रवास कसा झाला. काका मराठीत बोलले, ‘मी स्वतः बंद केला, चाक घट्ट होईपर्यंत फिरवलं, मग परत एकदा फिरवून बघितलं.’ ते इंग्रजीत गेलं आणि असर्टेड झालं, कौतुक म्हणून. ते मराठीत परत आलं आणि दावा झालं, संशय म्हणून. माणसाचं स्वतःचं वाक्य त्याच्याकडे परत आलं तेव्हा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आलं.

बरं, चुकीचा दोष अख्खा माझ्यावरच घेते असंही नाही. इंग्रजीतसुद्धा हा शब्द तितका निरागस नाही. विकिपीडियाच्या इंग्रजी लेखनशैलीच्या सूचनांमध्ये स्पष्ट इशारा आहे की असर्टेड किंवा क्लेम्ड लिहिलं की वाचणाऱ्याला त्या विधानाबद्दल शंका यायला लागते, साधं सेड वापरा. साहेबांना हे सांगितलं तर जरा वेळ थांबून म्हणाले, “हं… सप्लायरच्या माणसाच्या बाबतीत मी असर्टेड लिहिलं तेव्हा मात्र मला शंकाच होती.”

हे ऐकून मी वैतागलेच. एकच लेखक, एकच अहवाल, एकच शब्द, आणि पान २ वर त्याचा अर्थ ‘याच्यावर विश्वास ठेवा’ तर पान १४ वर ‘याच्यावर ठेवू नका’. आठवला ना तो रोमन हात, स्वतंत्र म्हणायलाही तोच आणि गुलाम म्हणायलाही तोच! इंग्रजीला हे परवडतं कारण असर्टमध्ये सांगणाऱ्याची खात्री असते आणि लिहिणाऱ्याचं मत झाकलेलं राहतं. मराठीत एवढं झाकता येईल असं एकच क्रियापद मला तरी सापडलं नाही. आपल्याकडचा प्रत्येक शब्द काहीतरी बोलून जातो, कोण कोणाला सांगतंय, कशाच्या जोरावर, चिडून की शांतपणे, आणि लिहिणाऱ्याला ते पटलंय की नाही.

म्हणून ठरवलं की अकरा जागा एकेक करून बघायच्या. साहेबांच्या नोट्स मागवल्या, ते फोनवर, मी कागद-पेन घेऊन. प्लांटचा कंट्रोल सिस्टिमवाला मुलगाही कॉलवर होता, त्याचं कारण टेक्निकल शंका, पण तो मधेच बोलला ते कामाचं निघालं, सांगते.

पहिल्यांदा मी काय केलं तर पर्याय म्हणून हाताशी येतील ते सगळे शब्द लिहून काढले. ठासून सांगणं. ठणकावून सांगणं. निक्षून सांगणं. छातीठोकपणे. बजावणं. ग्वाही. खात्री देणं. प्रतिपादन करणं. नमूद करणं. स्पष्ट करणं. म्हणणं आहे. वाचताना सगळे एकमेकांचे भाऊ वाटतात, वाक्यात बसवले की भांडायला लागतात.

ठासून घ्या. ठासणं म्हणजे दाबून भरणं, ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात तसं. त्यामुळे ‘ठासून सांगितलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला नको असताना त्याच्या डोक्यात कोंबलं असा भाव येतोच. शिवाय समोर कोणी नाही म्हणणारा लागतो. ‘आज सोमवार आहे असं त्याने ठासून सांगितलं’ हे वाक्य हसवतं, का, तर सोमवारबद्दल कोणाचं दुमतच नाही, मग ठासायचं कोणाच्या डोक्यात! हीच कसोटी मी पुढे सगळीकडे लावली, समोर विरोध होता का? नसेल तर जोराचा शब्द वापरायचाच नाही.

ठणकावून त्याच्याही पुढचं. धातूवर ठण्ण वाजावं तसा आवाज त्यात आहे आणि एक पायरीही आहे. वरचा माणूस खालच्याला ठणकावतो, किंवा बरोबरीचा बरोबरीच्याला. खालच्याने वरच्याला ठणकावलं तर ती बातमी होते. ऑपरेटरने चौकशी अधिकाऱ्याला ठणकावून सांगितलं असं मी लिहिलं असतं तर काकांची नोकरीच गेली असती हो.

निक्षून मला स्वतःला फार आवडतो पण तो बहुतेक वेळा मनाई किंवा हुकमाबरोबर येतो, ‘येऊ नकोस म्हणून निक्षून सांगितलं.’ घडून गेलेल्या गोष्टीबद्दल निक्षून फार कोणी सांगत नाही. ग्वाही दुसऱ्यासाठी देतात किंवा पुढच्या काळासाठी. प्रतिपादन म्हटलं की स्टेज, माइक आणि शाल डोळ्यासमोर येते, टाकीवरच्या जबाबात प्रतिपादन कसलं करताय. आणि छातीठोकपणे हा शब्द कौतुकाचा दिसतो खरा, पण बातम्यांत तो बहुतेक वेळा पुढे माणूस तोंडावर पडला की मग वापरतात.

सर्वात धोक्याचा मला ‘स्पष्ट केलं’ वाटतो. आपण तो किती सहज वापरतो, ‘काही गडबड झालेली नाही असं त्यांनी स्पष्ट केलं.’ वरची किपार्स्कींची कसोटी लावा. स्पष्ट तेच करतात जे आधीपासून खरं असतं, फक्त धूसर असतं. म्हणजे हा शब्द गुपचूप सांगणाऱ्याच्या बाजूने कौल देऊन टाकतो. ‘कबूल केलं’ दुसऱ्या टोकाला, तो माणसाला गुन्हेगार करूनच सोडतो, आणि गोष्ट खरी आहे हेही ठरवून टाकतो. चौकशी अहवालात हे दोन्ही शब्द वापरायचे तर पानाच्या मागे पुरावा हवाच.

आणि एक शब्द मी यादीत घातला नाही पण सतत डोक्यात होता, ‘म्हणे’. ‘त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता म्हणे.’ बस्स, चार पानांची शंका दोन अक्षरांत. अहवालात चालत नाही हे दुर्दैव.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती शब्दाची नव्हती, जागेची होती. इंग्रजीत कोण काय म्हणालं हे आधी येतं आणि म्हणणं नंतर. मी तीच चाल उचलली होती, ‘ऑपरेटरने दावा केला की…’ म्हणजे वाचणारा आधी संशयाचा चष्मा घालतो आणि मग व्हॉल्व्हकडे बघतो. मराठीची आपली चाल वेगळी आहे, म्हणणं आधी येतं आणि ‘असं त्यांनी सांगितलं’ शेवटी. ‘पाळी संपण्यापूर्वी मी इनलेट व्हॉल्व्ह बंद केला, असं ऑपरेटरने सांगितलं.’ इथे वाचणारा आधी व्हॉल्व्ह बंद होताना बघतो. क्रियापद न बदलता नुसती ही उलटापालट केली तरी अर्धा संशय गळून पडतो, करून बघा कुठल्याही बातमीवर.

आता तो कंट्रोलवाला मुलगा. आमची चर्चा ऐकून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे प्रोग्राममध्ये पण असर्ट असतो.” मी म्हटलं तो काय करतो? तर म्हणाला, प्रोग्राम लिहिणारा एखाद्या जागी लिहून ठेवतो की इथे आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, उदाहरणार्थ टाकीची पातळी शून्याच्या खाली असूच शकत नाही. चालताना ती खोटी निघाली की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो, पुढे जातच नाही. मग जरा हसून म्हणाला, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र एक ऑप्शन देऊन प्रोग्राम चालवला की सगळे असर्ट गाळले जातात, कोणी तपासतच नाही, म्हणून महत्त्वाची तपासणी असर्टवर सोडू नये.

मला हे फार पटलं. असर्ट करणारा माणूस स्वतःला पणाला लावतो, खोटं निघालं तर मी इथेच थांबतो, असं. तत्त्वज्ञ लोकही याच्याच आसपास फिरलेत. गोटलोब फ्रेगेने १८७९ मध्ये तर्कशास्त्रासाठी जी चिन्हं बनवली त्यात नुसतं विधान आणि ‘हे मी खरं मानून मांडतोय’ असं विधान वेगळं दाखवायला एक उभी रेघ ठेवली होती. आणि जी. ई. मूरने दाखवलेली गंमत अशी की ‘बाहेर पाऊस पडतोय पण मला तसं वाटत नाही’ या वाक्यातले दोन्ही भाग एकाच वेळी खरे असू शकतात, तरी कोणी हे बोलू शकत नाही, कारण पहिला भाग बोलल्याबरोबर तुम्ही त्याच्यामागे उभे राहिलेले असता. काका त्यांच्या वाक्यामागे उभे होते. माझा दावा त्यांना तिथून बाजूला ढकलत होता.

मग जागा लावल्या. काकांच्या चार होत्या. तीन ठिकाणी साधं ‘सांगितलं’ केलं, कारण नोट्स बघितल्या तर तिथे समोरून विरोध नव्हताच, किती वाजता राउंड मारला, रजिस्टर कुठे ठेवलं असल्या गोष्टी, आणि साहेबांनी सवयीने असर्टेड मारलं होतं. चौथी जागा पान २ ची, तिथे तीन वेळा उलटतपासणी झाली होती, म्हणून ‘ठामपणे सांगितलं’ लिहिलं.

सप्लायरच्या प्रतिनिधीच्या तीन. पातळीचा फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) पाठवण्यापूर्वी तपासला होता, आणि बसवताना पुन्हा तपासला होता, या दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या, कागद मागितला तर एकाचाही नाही. इथे दावा तसाच ठेवला, त्याच्यासाठीच तो शब्द आहे. फक्त पुढे एक वाक्य जोडलं, तपासणीची नोंद मागूनही मिळाली नाही. साहेब म्हणाले, हे वाक्य आहे तर मग दाव्याची गरजच काय, सांगितलं लिहा, वाचणारा समजेल. यावर आमचं थोडं वाजलं. मला अजून वाटतं दावा बरोबर होता, दोन माणसं दोन वेगळ्या प्रकारे बोलली असतील तर कागदावर तो फरक दिसू दे की. तिसरी जागा, यापुढे असं होणार नाही, ती ‘खात्री दिली’.

सुपरवायझरच्या दोन, आणि त्यातली एक बघून मी कपाळाला हात लावला. घटनेनंतर कोणीही पॅनलला हात लावायचा नाही असं सुपरवायझरने सगळ्यांना सांगितलं होतं, तो सरळ हुकूम. साहेबांनी तिथेही असर्टेड लिहिलेलं (इंग्रजीतही चूकच ती) आणि मी डोळे झाकून ‘कोणीही पॅनलला हात लावू नये असा दावा सुपरवायझरने केला’. हे वाक्य मी दोनदा प्रूफ वाचून पाठवलंय! तिथे ‘निक्षून सांगितलं’ चपखल बसलं. दुसरी जागा होती हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे एक पाळी दुसरीच्या ताब्यात देताना, आपल्याला काही कळवलं नाही हे, तिथे काका एक सांगत होते आणि सुपरवायझर दुसरंच, रजिस्टरमध्ये दोघांच्याही बाजूने काही नाही. तिथे ‘असं त्यांचं म्हणणं आहे’, आणि काकांच्या बाजूलाही त्या मुद्द्यापुरतं हुबेहूब तेच. एकाला ‘सांगितलं’ आणि दुसऱ्याला ‘म्हणणं आहे’ दिलं असतं तर मीच निकाल लावून मोकळी झाले असते.

एक जागा अशी की कंपनीने सप्लायरकडून भरपाई मागण्याचा हक्क असर्ट केला. इथे मराठी इतकी सुंदर आहे की काही शोधावं लागलं नाही, हक्क सांगितला. आपण हक्क ‘सांगतोच’. जमिनीवर, वाट्यावर, नावावर, साधं सांगणं हेच क्रियापद तिथे असर्टचं पूर्ण वजन उचलतं, कुठलंही ठामपणे-बिमपणे न लावता.

अकरावी जागा शिफारशींमध्ये. ऑपरेटरांनी हँडओव्हर घेताना जास्त असर्टिव्ह व्हावं. मी काय केलं होतं? ‘ऑपरेटरांनी हँडओव्हर घेताना अधिक आक्रमक व्हावे.’ डोळ्यासमोर आणा, सकाळच्या पाळीचा माणूस बाह्या सरसावून येतोय. असर्टिव्ह म्हणजे दुसऱ्याला न दाबता आणि स्वतः न दबता आपलं म्हणणं मांडणारा, याला एका शब्दात मराठी मला तरी येत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. लिहिलं, ‘शंका असेल तर ऑपरेटरने न कचरता विचारावं आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाळी ताब्यात घेऊ नये.’ साहेब म्हणाले हे तर मूळ इंग्रजीपेक्षा बरं झालं, मी तेच लिहायला हवं होतं.

क्लेमच्या चारही जागा तपासल्या, तिथे दावा ठीकच होता, पुढे गेलो.

आता व्हॉल्व्हचं सांगायचं राहिलं. मजा म्हणजे उत्तर त्याच अहवालात पान ९ वर होतं. व्हॉल्व्ह उघडून बघितला तर आत सीटवर, म्हणजे पडदा जिथे टेकतो त्या जागेवर, कचरा अडकलेला, चाक घट्ट होईपर्यंत फिरवलं तरी पडदा पूर्ण खाली बसत नव्हता, बारीक धार चालूच. आणि टाकीतला फ्लोट अडकल्यामुळे पंप थांबला नाही. म्हणजे काकांनी व्हॉल्व्ह बंद केला होता, पण तो बंद झाला नव्हता. करणं आणि होणं, मराठीत हा फरक लहान पोरही करतं, आणि काकांनी जबाबात बरोबर शब्द वापरला होता, ‘केला’. पान ९ भाषांतर करताना माझ्या हातूनच गेलं होतं, तेव्हा मागे वळून पान २ बघायचं सुचलं नाही. वाचणारा मात्र पान २ आधी वाचतो, तिथे त्याचं मत बनतं आणि पान ९ पर्यंत कितीसे लोक पोचतात.

शब्दांच्या यादीतली ती ओळ त्याच रात्री काढून टाकली.

सुधारलेली प्रत काकांना पाठवली आणि यावेळी मीच फोन केला. त्यांनी शांतपणे वाचून दाखवलं, पान उलटल्याचा आवाज येत होता. पान २ वर थांबले.

“मॅडम, हे ठामपणे कशाला?”

“अहो, तुम्ही खात्रीने सांगत होतात ना, म्हणून.”

“मी काय आवाज चढवला नव्हता. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. एवढंच झालं.”

साहेबांना विचारलं, ते हसले आणि हो म्हणाले. तिसरी प्रत काढली. पान २ वर आता असं आहे: ‘पाळी संपण्यापूर्वी मी इनलेट व्हॉल्व्ह बंद केला आणि चाक पुन्हा फिरवून बघितलं, असं ऑपरेटरने तीन वेळा विचारल्यावर तिन्ही वेळा सांगितलं.’ काकांनी त्याच्यावर सही केली.